जानूखालचा ससा आणि पिंजऱ्यातला पोपट

गेल्या सत्रात आमच्या प्राध्यापक-कक्षात एक कागद फिरत होता. दुसऱ्या विभागातल्या एका सहकारी बाईंनी तो तयार केला होता. त्यांची कन्या आठ वर्षांची, एकुलती एक, आणि घर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे. मुलीला सोबत हवी म्हणून एखादा लहानसा प्राणी आणावा, असे घरात ठरले होते. कागदावर उभे-आडवे रकाने आखलेले होते. एका बाजूला हॅमस्टर, ससा, गिनीपिग, लव्हबर्ड, पोपट, कासव; दुसऱ्या बाजूला जागा, खर्च, वास, आवाज; आणि शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते 'लळा'. त्याखाली दहापैकी गुण दिलेले होते. पोपटाला नऊ, सशाला सहा, कासवाला दोन. बाईंनी आम्हाला सहज विचारले, "तुम्ही मराठीची माणसं, भावनांचं तुम्हाला जास्त कळतं. यातला कोणता घ्यावा?"

आम्ही त्या वेळी हसून विषय टाळला. तो टाळायला नको होता, असे आता वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच. बाईंविषयी आमच्या मनात आदर आहे आणि त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. आमचे भांडण त्या शेवटच्या रकान्याशी आहे. 'मालकाला जीव लावणारा छोटा प्राणी कसा निवडावा' हा प्रश्न आज शहरी मध्यमवर्गात सर्रास विचारला जातो, त्याची उत्तरे पुरवण्यांतून आणि दुकानांतून दिली जातात, आणि प्रश्नातच काही चुकले आहे असे कोणाला वाटत नाही. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने विपरीत आहे, वस्तुस्थितीच्या दृष्टीने अज्ञानमूलक आहे, आणि नैतिक दृष्ट्या तो आपल्याच परंपरेतल्या एका मोठ्या शहाणपणाकडे पाठ फिरवणारा आहे.

आधी भाषेचे पाहू, कारण तो आमचा धंदा. मराठीत आपण 'लळा लागतो' असे म्हणतो. 'मुलाला मांजराचा लळा लागला' या वाक्यात कर्ता मूल नव्हे. कर्ता लळा आहे, आणि मूल चतुर्थीत उभे आहे. तहान लागते, ठेच लागते, तसा लळा लागतो. तो होऊन बसतो, नंतर आपल्या लक्षात येतो. 'जीव लावणे' हा प्रयोग याच्या उलट कर्तरी आहे, पण तिथे जो लावतो तो स्वतःचा जीव लावतो; समोरच्याने परत काय लावावे याचा करार त्यात नाही. आणि 'पाळणे' हे क्रियापद तर पाहण्यासारखे आहे. आपण शब्द पाळतो, व्रत पाळतो, पथ्य पाळतो आणि जनावर पाळतो. या प्रत्येक ठिकाणी बंधन येते ते पाळणाऱ्यावर. ज्याने मांजर पाळले त्याने मांजराच्या वेळा, मांजराची भूक, मांजराचे आजारपण पाळायचे असते. आता त्या कागदावरचा रकाना पुन्हा वाचा. तिथे बंधन प्राण्यावर आहे. त्याने ओळखावे, त्याने खांद्यावर बसावे, त्याने हाक मारल्यावर यावे, आणि हे तो किती प्रमाणात करील त्याचे गुण आधीच मांडावेत. हल्ली याला 'बॉन्डिंग' म्हणतात. या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी बांधणे आहे, आणि त्याच शब्दाने कर्जरोखाही ओळखला जातो, हा योगायोग आम्हाला अगदीच निरर्थक वाटत नाही.

आता पोपटाचे नऊ गुण. ते कुठून येतात?

आपल्याकडे कथात्म दीर्घ गद्याला 'कादंबरी' हे नाव ज्या ग्रंथावरून पडले, तो सातव्या शतकातला बाणभट्टाचा ग्रंथ एक पोपटच सांगतो. चांडाळकन्येने सोन्याच्या पिंजऱ्यातून शूद्रक राजापुढे आणलेला तो वैशंपायन नावाचा पोपट आपली कहाणी कुठून सुरू करतो, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? शाल्मली वृक्षाच्या ढोलीपासून. आई प्रसूतीतच गेलेली, म्हातारा बाप पंखाखाली घेऊन वाढवणारा, आणि एके दिवशी एक वृद्ध शबर त्या झाडावर चढतो, ढोल्यांत हात घालून पाखरे आणि पिले ओढून काढतो, माना मुरगाळून खाली टाकतो. बाप मरतो, पिल्लू पाचोळ्यात पडल्यामुळे वाचते. ही कथा आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा बाणाच्या समासांविषयी बोलतो, जन्मजन्मांतराच्या गुंफणीविषयी बोलतो. ढोलीविषयी बोलत नाही. वास्तविक तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्णनात आजच्या पोपटबाजाराचा पहिला अंक जवळजवळ जसाच्या तसा आहे. फरक इतकाच की तिथे शिकार पोटासाठी होती आणि आज पिलांच्या माना मुरगाळत नाहीत, त्या जपतात, कारण जिवंत पिलाला किंमत असते.

माणसाळलेला रानपोपट सामान्यतः असाच तयार होतो. साधा हिरवा पोपट किंवा पहाडी पोपट झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. पिलांना पुरते पंख फुटण्याआधी त्यांना काढले तरच ती माणसाच्या हाताने खातात, माणसाच्या आवाजाला प्रतिसाद देतात आणि पुढे आयुष्यभर माणसामागे राहतात. मोठा झालेला पक्षी पकडला तर तो चावतो, भिंतीवर आदळतो, गिऱ्हाईक परत करते. म्हणजे ज्याला आपण लळा म्हणून गुण देतो, त्याची पूर्वअट आईबापांपासून तोडणे ही आहे. कोनराड लोरेन्त्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात हंसाच्या पिलांवर जे प्रयोग केले ते सर्वश्रुत आहेत. अंड्यातून बाहेर पडल्यावर जे हलते ते प्रथम दिसले त्यामागे ती पिले चालू लागली, आणि ते हलणारे लोरेन्त्झच होते. पोपटाच्या पिलांचे असे चालत मागे जाणे नसते, त्यांची ओळख हळूहळू घडते; पण तत्त्व तेच. कोवळ्या वयात जो समोर असतो, तो आपला वाटतो. लोरेन्त्झला 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण त्याच क्रियेला प्रेम म्हणतो आणि दुकानदाराला पैसे देतो.

हे सगळे आम्ही वरच्या पायरीवर उभे राहून सांगत नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी 1989 साली आठवडी बाजारातून मिठू आणला होता. अकरा वर्षे तो होता. पंख कातरलेले, पिंजरा तुळशीवृंदावनाजवळ टांगलेला, सकाळी 'विठ्ठल विठ्ठल', दुपारी कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल. घरातल्या आजीचा त्याच्यावर खराच जीव होता; तिच्या हातूनच तो पेरू खायचा. एकदा पिंजऱ्याचे दार रात्रभर उघडे राहिले. सकाळी मिठू जागेवरच. ही गोष्ट त्या घरात पुढे कितीतरी वर्षे पाहुण्यांना सांगितली गेली. दार उघडे होते तरी गेला नाही, इतका आमच्यावर जीव! सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. कातरलेल्या पंखांचा, उडण्याची कधीच सवय नसलेल्या स्नायूंचा, बाहेर म्हणजे काय हे ठाऊकच नसल्याचा विचार कोणाच्याही डोक्यात आला नाही. शेवटच्या दोन वर्षांत त्याने छातीवरची पिसे उपटून काढली होती. त्याला आम्ही उष्णता म्हणालो आणि काकडी खाऊ घातली. एकट्या ठेवलेल्या पोपटांमध्ये स्वतःची पिसे उपटणे ही एकटेपणाची आणि कोंडीची परिचित खूण आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. थवा हेच ज्याचे घर, त्याला आम्ही अकरा वर्षे कुकरच्या शिट्टीशी बोलायला लावले होते.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती, आज मात्र ठाऊक नसण्याची सबब चालणार नाही. भारतीय पोपटांच्या जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. चांदणी कासवाचेही तेच. घरात लक्ष्मी येते या समजुतीने ते आणले जाते, आणि 2019 साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या दृष्टीनेही त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घालावे लागले. सहकारी बाईंच्या कागदावर वास आणि आवाज यांना रकाने होते. कायद्याला नव्हता.

इथे हमखास सांगितले जाते, की ठीक आहे, देशी पोपट नको. बाहेरचे, पिंजऱ्यातच जन्मलेले आणू. बजरीगर आणा, लव्हबर्ड आणा, हॅमस्टर आणा. या आक्षेपाला आम्ही अर्धे उत्तर देऊ शकतो आणि अर्धे मान्य करतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या जिवाला रानात सोडणे म्हणजे त्याला मारणे, हे खरे. पण पिंजऱ्यात जन्मल्याने त्याच्या गरजा बदललेल्या नसतात. बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर प्रचंड थव्यांनी फिरणारा पक्षी. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 साली तो जिवंत इंग्लंडात नेला. एवढ्या थोड्या काळात त्याच्या रक्तातला थवा गेलेला नाही. म्हणून तर एकट्या बजरीगरच्या पिंजऱ्यात आरसा टांगण्याची सोय काढली गेली. स्वतःच्याच प्रतिबिंबाला तो भरवू पाहतो आणि आपण कौतुकाने पाहतो. लव्हबर्डच्या नावातले प्रेम हे जोडीदारावरचे आहे, घरमालकावरचे नव्हे. तो एकटा असेल आणि माणसाला चिकटला असेल, तर ती त्याने केलेली निवड नसून त्याच्यापुढे दुसरे कोणी ठेवलेलेच नाही.

हॅमस्टरची कथा याहून बोलकी आहे. आज घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांचा वंश मुख्यत्वे 1930 साली सीरियात अलेप्पोजवळच्या एका शेतातून इस्राएल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने खणून काढलेल्या एका मादीच्या पिलांपासून पसरला. हा प्राणी निशाचर आणि पक्का एकांतप्रिय. दोन प्रौढ सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना जखमी करतात. मुलगी शाळेतून येते तेव्हा तो झोपलेला असतो आणि तो जागतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. गिनीपिगचे नेमके उलटे. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज प्रदेशात हजारो वर्षे माणसांजवळ राहिलेला हा कळपातला जीव. 2008 च्या स्वित्झर्लंडमधील प्राणिसंरक्षण नियमांनी तो एकटा ठेवण्यास मनाई केली. ससाही समूहात बिळे करून राहणारा. ज्याला कोणीच नको असते त्या हॅमस्टरला आम्ही सोबती म्हणून विकतो, आणि ज्याला सोबतीवाचून जगवत नाही त्या गिनीपिगला एकट्याला विकतो. कारण दोन्ही ठिकाणी सोबतीची गरज प्राण्याची नसून गिऱ्हाइकाची धरलेली असते.

सशाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. मांडीवर उताणा घेतलेला ससा अगदी शांत पडून राहतो. त्याचे फोटो काढले जातात आणि 'किती विश्वास टाकलाय बघा' असे म्हटले जाते. ससा हा भक्ष्यप्राणी आहे. वरून उचलले जाणे म्हणजे त्याच्या लेखी घारीची झडप. आणि सुटका नाही असे कळल्यावर निश्चल होणे ही भीतीची परिसीमा आहे. आम्ही साहित्याचे विद्यार्थी मौनाचे अर्थ लावण्यात स्वतःला तरबेज समजतो. या मौनाचा अर्थ मात्र आम्ही वर्षानुवर्षे उलटा लावत आलो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो अधिक गंभीर आहे. प्राण्यासोबत वाढल्याने मुलांत करुणा येते, एकट्या वृद्धांना आधार मिळतो. तुम्ही हेही हिरावून घेणार काय? मुळीच नाही. कुत्रा आणि मांजर यांची गोष्ट वेगळी आहे, कारण माणसाजवळ राहण्याची त्यांची वाटचाल हजारो वर्षांची आहे आणि त्या वाटचालीत त्यांचाही वाटा आहे. आमच्या इमारतीच्या जिन्यात येणारी मांजरे कोणी निवडलेली नाहीत; बरेचदा त्यांनीच घर निवडलेले असते, आणि न आवडल्यास सोडलेलेही. पण करुणेविषयी आमचा प्रश्न आहे. जे मूल पहिल्या दिवसापासून शिकते की दुसऱ्या जिवाचे मोल तो माझ्यावर किती प्रेम करतो यावर ठरते, ते करुणा शिकते की वसुली? हॅमस्टरचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. सशाचे आठ-दहा, कधी त्याहूनही अधिक. पोपट पाव शतक सहज जगतो. मुलीची हौस यांपैकी कोणत्या मुदतीशी जुळणार, हे त्या कागदावर कुठेच नव्हते.

आणि या शिकवणुकीत आमचाही हात आहे, हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी दोन निबंध लिहिलेले असतात. एक 'माझा आवडता पक्षी', आणि तो पक्षी बहुधा पोपट असतो. दुसरा 'पिंजऱ्यातील पोपटाचे मनोगत'. पहिल्यात लाल चोच, हिरवे पंख आणि मिरची. दुसऱ्यात सोन्याचा पिंजरा, गेलेले स्वातंत्र्य आणि डोळ्यांत पाणी. दोन्ही निबंधांना आपण चांगले गुण देतो. एकाच मुलाने एकाच वर्षात दोन्ही लिहिले तरी त्याला कोणी विचारत नाही, की बाळा, तुझ्या आवडत्या पक्ष्याला तू पाहिलेस कुठे? आत्मवृत्ताचा हा निबंधप्रकार सहानुभूतीचे शिक्षण म्हणून रुजला आणि अलंकाराचा व्यायाम होऊन बसला. ज्या मुलाच्या ओसरीवर पिंजरा टांगलेला आहे, तोही तितक्याच ओघवत्या भाषेत स्वातंत्र्याचे मोल सांगतो आणि घरी जाऊन मिठूला मिरची घालतो. दोष मुलाचा नाही. शब्द आणि पिंजरा यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे आपण शिकवले नाही.

वास्तविक आपल्या साहित्यात दुसरी वाट चांगली मळलेली आहे. 'सत्तांतर' या कृतीत व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळीकडे पाहिले ते त्यांच्या जगण्याच्या नियमांनिशी. त्यातल्या एकाही वानराने लेखकावर प्रेम करावे अशी अपेक्षा नाही. 1983 साली साहित्य अकादमीने त्या कृतीचा गौरव केला. 2025 साली निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी उभे आयुष्य रानात आणि पाखरांत घालवले, त्यांची नावे, त्यांच्या लकबी मराठीत आणल्या. प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण त्या प्रेमाला मालकी लागली नाही.

आणि या वाटेच्या अगदी आरंभी आपला पहिला गद्यग्रंथ उभा आहे. लीळाचरित्रातली सशाची लीळा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेली असते. पारधी आणि कुत्री मागे लागलेला ससा धावत येतो आणि चक्रधरस्वामींच्या जानूखाली शिरतो. पारधी येतात, आपला ससा मागतात. शरण आलेल्याला स्वामी देत नाहीत. संवाद होतो, पारध्यांचे मन पालटते. आम्ही परीक्षेत इथपर्यंतचाच प्रश्न विचारतो: अहिंसेचे तत्त्वज्ञान स्पष्ट करा. पण लीळा इथे संपत नाही. धोका टळल्यावर स्वामी जानू उचलतात, सशाला जायला सांगतात, आणि ससा जातो. त्याने थांबावे, मागे वळून पाहावे, आश्रमात राहून भक्तांचे कौतुक व्हावे, असे काहीही घडत नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला ते घडवून आणण्याचा मोह झाला नाही. आसरा पुरता दिला गेला आणि त्याच्या बदल्यात काहीच मागितले गेले नाही. आमच्या मते 'लळा' या रकान्याला मराठीने दिलेले सर्वांत जुने उत्तर ते आहे.

मग त्या बाईंना आम्ही काय सांगायला हवे होते? एवढेच, की रकान्याचे शीर्षक बदला. 'हा माझ्यावर किती जीव लावील' याऐवजी 'याला जे हवे ते मी याच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत देऊ शकते का' असे लिहा, आणि मग गुण प्राण्याला देऊ नका, घराला द्या. पोपट आणि चांदणी कासव यांच्या ओळी सरळ खोडा. गिनीपिग हवे असतील तर किमान दोन आणा, मोठी जागा द्या, आणि पाच-सात वर्षे सुट्टीतल्या प्रवासांचे काय करणार ते आधी ठरवा. कोणाला नकोसे झालेले मोठे मांजर असेल तर त्याचा विचार करा. त्याचा स्वभाव तयार असतो, तो तुम्हाला फसवत नाही. घरात आधीपासून पोपट असेल तर त्याला खिडकीतून सोडून पुण्य मिळवू नका. वनविभागाला कळवा, तो जाणत्या हाती सोपवा. यातले काहीच जमणार नसेल, तर सज्जात पाण्याचे पसरट भांडे ठेवा. साळुंकी येईल, बुलबुल येईल, पाणी पिऊन जाईल. मुलीला त्यांचा लळा लागेलही. त्यांना तिचा लागावा अशी अट नसली की झाले.

आमच्या व्यवसायबंधूंना मात्र एक विनंती आहे. पुढच्या वेळी लीळाचरित्रावर प्रश्नपत्रिका काढताना अहिंसेच्या प्रश्नाखाली आणखी एक लहानसा प्रश्न घाला: पारधी निघून गेल्यावर सशाचे काय झाले? दोन गुणांचा पुरे. किती जणांना त्याचे उत्तर येते ते आम्हाला कळवा. आमच्याशी ज्यांचा मतभेद आहे त्यांनीही लिहावे. विशेषतः ज्यांच्या घरी आजही पिंजऱ्याचे दार उघडे राहूनही न जाणारा मिठू आहे, त्यांनी.